डॉक्टरला अभियांत्रिकीच्या वर्गात बसायचे असेल तर

अकरावीच्या सुरुवातीला आपल्या शाळेतील प्रत्येक कॅडेटला विषयांची निवड करावी लागते. एनडीएच्या लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुण गणिताचे असतात. त्यामुळे एनडीएला जाणारा गणित सोडत नाही. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे एएफएमसीत, जायचे तर ‘नीट’ द्यावी लागते. तिथे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र एवढ्यावर भागते. मग काही जण म्हणतात, “डॉक्टरच व्हायचे आहे, तर गणिताचे ओझे कशाला?” आणि गणित सुटते.

या निर्णयाचा एक परिणाम सात-आठ वर्षांनी दिसतो. एमबीबीएस आणि इंटर्नशिप पूर्ण केलेल्या एखाद्या डॉक्टरला जैववैद्यकीय अभियांत्रिकी, म्हणजेच बायोमेडिकल इंजिनिअरिंग, शिकावेसे वाटते. आपल्या देशात असा प्रवेश मिळू शकतो. पण त्या दाराशी जी गोष्ट सगळ्यात आधी विचारली जाते, ती बहुतेकांनी सोळाव्या वर्षी मागे टाकलेली असते. हा प्रवेश कसा मिळतो, तयारी काय लागते आणि आज अकरावीत असलेल्या कॅडेटने यातून काय घ्यावे, ते या पाठात पाहू.

हा विषय नेमका काय आहे?

“रुग्णालयातील यंत्रे दुरुस्त करणारे ते बायोमेडिकलवाले” असा अनेकांचा समज असतो. यंत्रांची देखभाल हा या शास्त्राचा एक उपयुक्त भाग आहे, पण एकच भाग. शरीरातील क्रिया मोजणे, त्यांचा गणिती हिशेब मांडणे आणि त्या हिशेबावरून उपकरण, कृत्रिम अवयव किंवा तपासणीची पद्धत तयार करणे, हे या शास्त्राचे खरे काम.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सगळ्यांनी पाहिला आहे. त्यातून दोन प्रकारचा प्रकाश बोटातून जातो. एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा, आणि दुसरा अवरक्त, साधारण ९४० नॅनोमीटरचा. ऑक्सिजन असलेले आणि नसलेले हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेतात. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर हे शोषण किंचित बदलते. तो बदल मोजून यंत्र ऑक्सिजनची टक्केवारी दाखवते. ही कल्पना जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात मांडली. उंच बर्फाळ चौकीवरचा जवान आजारी पडला तर सोबतचा नर्सिंग असिस्टंट आज सहज त्याच्या बोटाला ते लावतो. या छोट्या डबीत शरीरक्रियाशास्त्र आहे, प्रकाशशास्त्र आहे, इलेक्ट्रॉनिक्स आहे आणि गणितही आहे.

डॉक्टर आणि अभियंता एकत्र आले तेव्हा

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेचे पहिले संचालक डॉ. एम. एस. वलियाथन हे हृदयशल्यचिकित्सक होते. संधिवातज्वराने, म्हणजे रूमॅटिक तापाने, हृदयाच्या झडपा खराब झालेले तरुण रुग्ण त्यांच्याकडे येत. कृत्रिम झडप परदेशातून आणावी लागे आणि तिची किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होती. वलियाथन यांनी अभियंता जी. भुवनेश्वर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर भारतीय झडप बनवायला घेतली. पहिले तीन नमुने उपयोगी ठरले नाहीत. चौथ्या नमुन्यात कोबाल्ट मिश्रधातूची चौकट, अतिशय चिवट पॉलिएथिलीनची चकती आणि पॉलिएस्टरचे कडे वापरले. ६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवली गेली. त्यानंतर ती एक लाखाहून अधिक रुग्णांना मिळाली आहे.

दुसरे उदाहरण संरक्षण क्षेत्रातले आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम ते भाषणांतून अनेकदा सांगत. हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमधील एक अस्थिशल्यचिकित्सक त्यांच्या प्रयोगशाळेत आले. क्षेपणास्त्रासाठी बनवलेले हलके साहित्य त्यांनी हातात उचलून पाहिले आणि कलामांना आपल्या रुग्णालयात नेले. तिथे लहान मुले तीन किलोहून जड धातूचे कॅलिपर पायाला बांधून फरफटत चालत होती. पुढे त्याच साहित्यातून सुमारे ३०० ग्रॅम वजनाचे कॅलिपर तयार झाले.

या दोन्ही गोष्टींत डॉक्टरचे काम कुठे सुरू झाले ते पाहा. रुग्णाची अडचण त्याने रोज डोळ्यांनी पाहिलेली होती. अभियंत्याकडे साहित्य होते आणि हिशेब होता, पण कॅलिपरचे वजन त्या मुलांना किती जाचते हे त्याला कोणीतरी दाखवावे लागले. ज्या डॉक्टरला हिशेबही समजतो, तो या दोघांमधला वेळ वाचवतो. म्हणूनच अभियांत्रिकीच्या वर्गात डॉक्टर हवे असतात.

गणित कुठे लागते? तीन छोटी उदाहरणे

पहिले उदाहरण : अतिरक्तस्राव झालेल्या जखमी जवानाला शिरेतून द्रव भरभर द्यायचा आहे. एमबीबीएसला शिकवतात की अशा वेळी जाड आणि आखूड कॅन्युला वापरावा. गुलाबी नव्हे, नारिंगी किंवा करडा. डॉक्टर हे पाठ करतो. कारण प्वाझेच्या नियमात आहे. नळीतील संथ प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या दुप्पट केली तर प्रवाह २ × २ × २ × २, म्हणजे १६ पट. लांबी दुप्पट केली तर प्रवाह निम्मा. प्रत्यक्ष कॅन्युलात प्रवाह पूर्ण संथ नसतो, त्यामुळे आकडा नेमका १६ येत नाही. किती कमी येतो आणि का, हा पुढचा अभ्यास.

दुसरे उदाहरण : हृदय मिनिटाला ७२ ठोके देते असे धरा. वर्षभरात ७२ × ६० × २४ × ३६५ = ३,७८,४३,२०० ठोके. म्हणजे कृत्रिम झडप वर्षाला सुमारे पावणेचार कोटी वेळा उघडते आणि मिटते. वीस वर्षांच्या मुलीला बसवलेली झडप चाळीस वर्षे टिकवायची तर हा आकडा दीडशे कोटींच्या वर जातो. एकाही ठोक्याला चकती अडकून चालणार नाही. आधीचे नमुने का बाजूला ठेवावे लागले असतील, याची कल्पना या एका गुणाकाराने येते.

तिसरे उदाहरण : ईसीजीचा विद्युतसंकेत फक्त एक मिलिव्होल्टच्या आसपास असतो. खोलीतल्या विजेच्या तारांतून येणारी ५० हर्ट्झची गुणगुण त्यात मिसळते. “५० च्या वरचे सगळे कापून टाका” असे केले तर हृदयाच्या संकेतातील उपयोगाचा भागही जातो, कारण तो साधारण १५० हर्ट्झपर्यंत पसरलेला असतो. म्हणून आजूबाजूचे शक्यतो न बिघडवता नेमका ५० चा पट्टा काढणारी चाळणी रचावी लागते. ती रचायला त्रिकोणमिती, संमिश्र संख्या आणि कलनशास्त्र लागते.

या तिन्ही उदाहरणांचे मूळ गणित अकरावी-बारावीच्या पुस्तकातले आहे. पुढचे त्यावरच उभे राहते.

प्रवेशाचे मार्ग

खरगपूरच्या आयआयटीत २००१ साली वैद्यकीय विज्ञान व तंत्रज्ञानाचे स्वतंत्र विद्यालय सुरू झाले. तिथला एमएमएसटी हा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम एमबीबीएस झालेल्यांसाठीच आखलेला आहे. त्यासाठी संस्था स्वतः प्रवेश परीक्षा घेते. डॉक्टरला अभियांत्रिकीची पायाभूत ओळख करून देत पुढे नेणारा हा देशातला सर्वांत सरळ मार्ग.

दुसरा मार्ग ‘गेट’ परीक्षेचा. एमबीबीएसधारकांना ही परीक्षा देता येते. २०२० पासून तिच्यात बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यांपैकी १५ गुण सामान्य क्षमतेचे. मिळालेला गुणांक तीन वर्षे चालतो. या पेपरचे विभाग असे : अभियांत्रिकी गणित, विद्युत परिपथ, संकेत व प्रणाली, इलेक्ट्रॉनिक्स, मापन व नियंत्रण, संवेदक व जैवउपकरणे, शरीररचना व शरीरक्रिया, वैद्यकीय प्रतिमा, जैवयांत्रिकी आणि जैवपदार्थ. दहा विभागांपैकी पूर्णपणे डॉक्टरच्या हातातला विभाग एकच. प्रतिमा आणि जैवपदार्थ थोडे ओळखीचे. बाकीचे शून्यापासून.

मुंबईच्या आयआयटीत जैवअभियांत्रिकी विभागाच्या एम.टेक.ला अभियंत्यांबरोबर वैद्यकीय पदवीधरही शिकत आले आहेत. दिल्लीत १९७१ पासून आयआयटी आणि एम्स यांचे संयुक्त जैववैद्यकीय अभियांत्रिकी केंद्र आहे. त्याच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता, त्या प्रा. सुजॉय गुहा यांनी उलटा प्रवास केला. ते आधी अभियंता झाले आणि पुढे दिल्ली विद्यापीठातून एमबीबीएसही झाले.

पात्रतेच्या अटी, जागा आणि तारखा दरवर्षी बदलू शकतात. त्यामुळे त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे. त्यात तीन गोष्टी प्रथम शोधाव्यात : एमबीबीएस पदवी पात्र धरली आहे का, बारावीला गणित असण्याची अट आहे का, आणि निवड गेटवर होते की संस्थेच्या परीक्षेवर व मुलाखतीवर.

तयारी कशी करावी?

बारावीला गणित नसेल तरी वाट पूर्ण बंद होत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, एखादाच विषय घेऊन परीक्षा देता येते. आयआयटी आणि बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेचे प्राध्यापक ‘एनपीटीईएल’वर अभियांत्रिकीचे विषय विनामूल्य शिकवतात.

क्रम मात्र चुकवू नये. आधी बीजगणित आणि त्रिकोणमिती पक्की करावी. मग अवकलन, समाकलन आणि साधी अवकल समीकरणे. त्यानंतर सारणी, म्हणजे मॅट्रिक्स, आणि संभाव्यता. मग विद्युत परिपथ. यांच्या जोडीला पायथनसारखी एखादी संगणकभाषा. ड्यूटी सांभाळून रोज दोन तास दिले तर यासाठी वर्षभराचा काळ धरावा. घाईने थेट ‘संकेत व प्रणाली’चे पुस्तक उघडणारा डॉक्टर तिसऱ्या प्रकरणापाशी अडतो, कारण तिथे समाकलन येते.

मुलाखतीत डॉक्टरला एक प्रश्न हमखास येतो : “तुम्हाला हे का शिकायचे आहे?” अर्जासोबत हेतुपत्र मागितले तर तेही याच प्रश्नाचे उत्तर असते. दोन उत्तरे शेजारी ठेवून पाहू.

पहिले : “मला लहानपणापासून तंत्रज्ञानाची आवड आहे. वैद्यक आणि अभियांत्रिकी यांचा संगम घडवून समाजाची सेवा करण्याची माझी इच्छा आहे.”

दुसरे : “गुडघ्याखाली पाय गेलेल्या रुग्णांना कृत्रिम पाय बसवल्यावर उन्हाळ्यात सॉकेटमध्ये घाम साचतो. त्वचा सोलवटते आणि रुग्ण पाय काढून ठेवतो. सध्या आम्ही मोजे बदलायला आणि पावडर लावायला सांगतो. सॉकेटच्या आत कोणत्या जागी किती दाब आणि किती तापमान होते हे आम्ही मोजत नाही. ते मोजणारा पातळ संवेदक बनवणे आणि त्या मोजमापावरून सॉकेटचा आकार बदलणे मला शिकायचे आहे.”

पहिल्या उत्तरात खोटे काहीच नाही, पण ते कोणीही लिहू शकेल. दुसरे उत्तर वॉर्डात उभा राहिलेला डॉक्टरच देऊ शकतो. त्यात रुग्ण कोण, अडचण केव्हा येते, आज काय करतात, ते कुठे अपुरे पडते आणि काय मोजायचे, हे पाच मुद्दे आले आहेत. निवड समितीला हेच हवे असते. एमबीबीएसच्या काळातच एक वही ठेवावी आणि वॉर्डात दिसलेली अशी प्रत्येक अडचण या पाच मुद्द्यांत लिहावी. वर्षभरात पन्नास नोंदी झाल्या तर त्यांतल्या दोन-तीन नक्की कामाच्या निघतात.

पालकांचे प्रश्न

“एमडी सोडून हे कशाला?” हा पालकांचा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. उत्तर स्पष्टच असावे. बायोमेडिकलची पदव्युत्तर पदवी घेऊन कोणी शल्यचिकित्सक किंवा हृदयरोगतज्ज्ञ होत नाही. वैद्यकीय महाविद्यालयात सर्जरी किंवा मेडिसिनसारख्या विभागात प्राध्यापक व्हायचे तर एमडी-एमएसच लागते. ज्याला रुग्णाच्या खाटेपाशीच आयुष्य काढायचे आहे, त्याने एमडीकडेच जावे. ज्याला संशोधन, उपकरणांची निर्मिती आणि त्यांच्या चाचण्या यांत रस आहे, त्याच्यासाठी ही दुसरी वाट आहे.

“जमले नाही तर परत येता येते का?” हा दुसरा प्रश्न. एमबीबीएसची पदवी कुठे जात नाही. वैद्यकीय परिषदेतील नोंदणी चालू ठेवली तर रुग्णसेवा करता येते आणि नीट-पीजीही देता येते. पण दोन-तीन वर्षे रुग्णांपासून दूर राहिले की हाताची सवय मोडते. म्हणून शिकत असतानाही आठवड्यातून थोडा वेळ दवाखान्यात घालवणे चांगले.

“एएफएमसीतून हे करता येईल का?” हा प्रश्न आपल्या शाळेत विशेष महत्त्वाचा. एएफएमसीत शिकणाऱ्यावर सशस्त्र दलांत सेवा करण्याची बांधिलकी असते. पदवी मिळाल्यावर लगेच आयआयटीत जाऊ, असे गृहीत धरून तिथे प्रवेश घेऊ नये. सेवा आधी, पुढचे शिक्षण सेवेच्या नियमांनुसार आणि परवानगीने. पण या विषयाची गरज सेनेत भरपूर आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून अवयव गमावलेल्या सैनिकांना पुन्हा उभे करत आहे. बंगळूरुची डेबेल ही डीआरडीओची प्रयोगशाळा याच शास्त्रासाठी आहे. ‘तेजस’ विमानात वैमानिकासाठी हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी यंत्रणा तिने विकसित केली. २०२१ च्या कोविड लाटेत त्याच तंत्रावर रुग्णालयांसाठी मिनिटाला १,००० लिटर क्षमतेचे ऑक्सिजन प्रकल्प उभारले गेले. वैमानिकाचा श्वास आणि रुग्णाचा श्वास एकाच तंत्राने सांभाळला.

अकरावीच्या कॅडेटसाठी

डॉक्टर व्हायचे असेल आणि झेपत असेल, तर जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवा. त्याने एनडीए आणि एएफएमसी हे दोन्ही पर्याय खुले राहतात, आणि पुढे अभियांत्रिकीकडे वळावेसे वाटले तर पाया तयार असतो. चार विषयांचा भार खरोखर झेपत नसेल, तर ‘नीट’ला प्राधान्य द्या, पण गणिताचे पुस्तक विकू नका. बारावीनंतरच्या सुट्टीत ते पुन्हा उघडता येते, आणि चोविसाव्या वर्षी उघडण्यापेक्षा अठराव्या वर्षी उघडणे सोपे जाते.

स्वतः करून पाहा

१. एका खेळाडू कॅडेटचे हृदय विश्रांतीत मिनिटाला ५४ ठोके देते. त्याच्या हृदयाची झडप, तो वर्षभर विश्रांतीतच आहे असे धरले, तर वर्षात किती वेळा उघडेल? ७२ ठोक्यांच्या हृदयाशी तुलना करा.

२. एका रक्तवाहिनीची त्रिज्या २० टक्क्यांनी कमी झाली. बाकी सर्व तसेच राहिले तर प्वाझेच्या नियमाने प्रवाह मूळच्या किती टक्के उरेल? (०.८ चा चौथा घात काढा. उत्तर ४१ टक्क्यांच्या जवळ यायला हवे.) डॉक्टर थोड्याशा अरुंदपणालाही का घाबरतात, ते दोन ओळींत लिहा.

३. शाळेच्या एमआय रूममध्ये परवानगीने अर्धा तास बसा. तिथल्या एखाद्या उपकरणाची किंवा रुग्णाची एक अडचण शोधा आणि वर सांगितलेल्या पाच मुद्द्यांत लिहून विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा. शेवटचा मुद्दा, ‘काय मोजायचे’, हा रिकामा ठेवू नका.